पाहुणे कोण?



कवितेत मी पाखरे पुष्कळ उडवली; डोळे भरून पाहिली मात्र नाहीत. गेल्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारी माझ्या शिक्षक मित्राने ही उणीव भरून काढली. फजरची नमाज आटोपून आम्ही देवपुरातून स्कूटरवर निघालो. पिशवीत भाकरी, ठेचा आणि डॉ. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक. १९४१ साली पहिल्यांदा निघालेले हे पुस्तक अजूनही वाट दाखवते.

नकाणे तलावाच्या काठी धोबी शेपट्या हलवत हिंडत होते. पलीकडच्या माळावर एक भोवत्या पंख किंचित उचलून, गवताला खेटून तरंगत होता. मित्र म्हणाला, "हे पक्षी मध्य आशियातून येतात. नाकतोडे, उंदीर शोधतात आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतात." आपण ज्याला पडीक म्हणतो, तो माळ म्हणजे त्यांची सराई!

दुपारी जवळच्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला. मळकट गुलाबी अंग, काळे डोके. यंदाची पिले मातकट. शेतकरीदादा गोफण घेऊन धावले. मी म्हणालो, "दादा, लांबचे पाहुणे आहेत."

ते हसले. "पाव्हना कसाना? आपलाच शेतस!" म्हणाले आणि पुन्हा गोफण फिरवली.

मित्राने हिशेब मांडला. भोरड्या जुलै-ऑगस्टपासून येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. मे-जूनमध्ये मध्य आशियात पिले वाढवतात, तीही टोळ-नाकतोड्यांवर. म्हणून चीनच्या शिंच्यांगमध्ये त्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांच्या राशी रचतात. वर्षातले आठ-नऊ महिने जी आपल्या देशात काढते, ती पाहुणी कशी?

मी गप्प झालो. आमच्या कैक पिढ्या पांझरेच्या पाण्यावर वाढल्या. तरी कविसंमेलनानंतर कुणीतरी कौतुकाने विचारतेच, "तुमचे मराठी इतके चांगले कसे?" विचारणारा प्रेमळ असतो, पण मी क्षणात पाहुणा होतो. त्या दादांनी भोरडीला कणीस दिले नाही, पण तिला परकीही म्हटले नाही. भांडण घरच्यांशीच होते ना!

परतताना माळाच्या कडेला प्लॉटचे दगड रोवलेले दिसले. उद्या भोवत्या उतरणार कुठे?

श्रोतेहो, या दिवसांत एकदा गावाबाहेर जा. वर पाहा. आलेल्यांना पाहुणे म्हणू नका. त्यांचा माळ तेवढा राखा.