नाव एकदाच लिहा



शाळेच्या संगणकात मी सारी माहिती एकाच लांबलचक तक्त्यात भरली होती. भावंडे तीन, म्हणून वडिलांचे नाव तीनदा. एकदा ‘शेख’, एकदा ‘शेक’, एकदा नुसते ‘शे.’! धाकटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यातच अडकला. चूक माझीच.

आता तक्ते तीन केले: पालक, विद्यार्थी, फी. पालकाचे नाव एकदाच, त्याला एक क्रमांक. मुलापुढे फक्त तो क्रमांक. दुरुस्ती एकाच जागी. ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. पण सातबाऱ्यावरचा खाते क्रमांक घेऊन आठ-अ पाहणाऱ्या आपल्या वर्ध्याच्या शेतकऱ्याला ती नवी वाटू नये.

एकाच नावाचे दोन पालक एकच की वेगळे, हे मात्र संगणक सांगत नाही. त्यासाठी रविवारी घरोघरी येतो आहे. दाखले काढून ठेवा.