दुसऱ्यांची मुलं बर्फात नेताना
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय: औलीच्या सहली. त्यांनी दिला नसता तरी मी यावरच बोलले असते, कारण मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. ते शेवटी मागते.

नव्या सभासदांसाठी थोडी पार्श्वभूमी. 2014 ते 2024 या काळात आपल्या सोसायटीतली मुलं आणि त्यांचे शाळेतले मित्रमैत्रिणी मिळून आम्ही सहा वेळा उत्तराखंडात औलीला स्कीइंग शिकायला नेली. सुरुवात साधी होती. माझ्या मुलीला न्यायचं ठरलं होतं, तर ती म्हणाली, एकटी येणार नाही. मग खालच्या मजल्यावरची एक, ए-विंगमधले दोघे, त्यातल्या एकाचा वर्गमित्र, अशी यादी वाढत गेली. बारा मुलं आणि तीन मोठी माणसं, यापुढे मात्र ती आम्ही कधीच जाऊ दिली नाही.

औली म्हणजे जोशीमठच्या वर. समुद्रसपाटीपासून साधारण अडीच ते तीन हजार मीटर उंची, समोर 7,816 मीटरची नंदादेवी. गढवाल मंडल विकास निगम तिथे हिवाळ्यात शिकाऊ लोकांसाठी वर्ग घेतं. आम्ही सात दिवसांचा घ्यायचो. स्की, बूट, काठ्या तिथेच मिळतात. हरिद्वारपर्यंत रेल्वे, आणि पुढे अख्खा दिवस घाटाचा रस्ता. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथीच्या पाण्याचे दोन रंग दाखवायला बस थांबवायची, हा आमचा शिरस्ता. निम्मी मुलं तोवर ओकून आडवी झालेली असायची, पण उरलेली निम्मी बघायची.

आम्ही जानेवारीच्या शेवटी जायचो. नाताळच्या सुट्टीत बर्फाचा भरवसा नसतो आणि फेब्रुवारी उजाडला की इथे परीक्षांचं वारं सुरू होतं. शाळा आठ-दहा दिवस बुडायची, त्यामुळे मुख्याध्यापकांना पत्रं द्यावी लागायची. दहावीचं मूल कधीच घेतलं नाही. त्यावरून एक-दोन घरांत रुसवे झाले, ते झाले.

आता स्कीइंगचं. टीव्हीवर बघून मुलांना वाटतं, गेलं की घसरायचं. पहिला दिवस निव्वळ बुटांत जातो. ते बूट इतके कडक असतात की घोटा वाकतच नाही, चालताना मुलं यंत्रमानवासारखी दिसतात. मग आडवं आडवं चढायचं, पडायचं आणि पडल्यावर उठायचं, हेच शिकवतात. लांब पट्ट्या पायाला बांधलेल्या असताना उताराच्या दिशेने तोंड करून उठू गेलं तर माणूस उठायच्या आधीच निघून जातो. स्की उताराला आडव्या करून मगच उठायचं. त्यानंतर स्नोप्लाऊ, म्हणजे दोन्ही स्कीची टोकं पुढे जवळ आणि मागच्या बाजू फाकवलेल्या. हाच ब्रेक. सगळ्यांत अवघड काय, तर वेग वाढला की भीतीने आपण मागे झुकतो, आणि मागे झुकलं की ताबा सुटतो. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली पाहिजे, अंग उताराकडे. हे मुलांना आईबापांनी सांगून पटत नाही. शेजारी मित्र तेच करताना आणि तोंडावर आपटून हसताना दिसला की पटतं. माझी मुलगी मी जवळ असले की रडायची. मी दिसेनाशी झाले की शिकायची. म्हणूनच मित्रांना न्यायचं.

पण दुसऱ्यांची मुलं न्यायची म्हणजे जबाबदारी दुप्पट होते. माझ्या मुलीला मी आधीच सांगितलं होतं, तिथे मी तुझी आई नाही, सगळ्यांची काकू. ती सात दिवस मला काकू म्हणत होती, जरा रागानेच. जादा हातमोज्यांची जोडी मी नेहमी नेते. ज्याचे भिजले त्याला ती मिळायची, माझ्या लेकीसाठी राखून ठेवलेली नसायची.

आणि आमचा तो फॉर्म! चार पानी आहे म्हणून तुम्ही सगळे हसलात. त्यात वजन का विचारता, असं एकीने मला लिफ्टमध्ये विचारलं होतं. सांगते. बूट ज्या खटक्याने स्कीला अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर तो खटका वेळेवर सुटला पाहिजे. फार घट्ट असेल तर पाय पिळवटतो, फार सैल असेल तर भर वेगात स्की निघून जाते. तो किती ठेवायचा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि मुलाला किती येतं यावर ठरतं. प्रशिक्षक रांगेत उभं करून सगळ्यांसमोर वजन विचारतात. एका वर्षी तेरा वर्षांच्या मुलीने मैत्रिणींदेखत आठ किलो कमी सांगितलं. तिच्या आईने फॉर्मवर खरं लिहिलं होतं, म्हणून मला कळलं. मी चिठ्ठीवर आकडा लिहून प्रशिक्षकांच्या हातात दिला. कोणाला पत्ता लागला नाही. तेव्हापासून सगळ्यांची वजनं चिठ्ठीवरच जायची.

दुसऱ्या एका वर्षी एका मुलाच्या घरच्यांनी दम्याचा रकाना कोरा ठेवला. सांगितलं तर नेणार नाहीत, ही भीती. मुलाने पंप मोज्यात लपवून आणला होता. जोशीमठच्या मुक्कामात रात्री त्याचा मित्र माझ्या खोलीशी आला आणि म्हणाला, काकू, मी सांगितलं असं त्याला सांगू नका. कोरडी थंड हवा दम्याला त्रास देते, त्यात वर चढायचं होतं. सकाळी आधी डॉक्टर गाठले. त्यांनी तपासून परवानगी दिली, पण पंप सतत आतल्या खिशात, गार पडू द्यायचा नाही, आणि छाती भरली की लगेच खाली आणायचं. घरी फोन केला. भांडले नाही, फक्त तो रकाना फोनवरच भरून घेतला. ते मूल सात दिवस व्यवस्थित राहिलं. त्याच्या मित्राचं नाव मी आजही सांगणार नाही.

ही मैत्री उलटही जाते, बरं का. चौथ्या दिवशी जरा वरच्या उतारावर नेतात. एक मुलगा लिफ्टपाशी थांबला आणि म्हणाला, मी नाही जाणार. बाकीचे, चल ना रे, घाबरट कुठला. त्यात माझी मुलगीही होती. आमचा नियम असा की वर जायचं की नाही हे प्रशिक्षक आणि ते मूल ठरवणार, मित्र नाहीत आणि मीही नाही. ‘घाबरट’ म्हणणाऱ्या तिघांना त्या सकाळी मी खालीच ठेवलं, पोटची पोर धरून. तो मुलगा उरलेले दिवस खालच्या उतारावर राहिला आणि शेवटी त्याची वळणं वर गेलेल्या बऱ्याच जणांपेक्षा सुबक होती. वर मात्र गेला नाही. दोन वर्षांनी परत आला, तेव्हाही गेला नाही. पण आला.

पैशांबद्दल कुजबुज असते, म्हणून एकदाचं बोलते. सोसायटीच्या निधीतून सहलीला मदत करावी असा प्रस्ताव वार्षिक सभेत आला होता, तेव्हा मी विरोधात हात वर केला होता. मेंटेनन्सचा पैसा टाकी आणि लिफ्टसाठी आहे. मुलं वर्षभर रद्दी गोळा करत, तो पैसा सामायिक. बाकी प्रत्येक घराने बंद पाकीट सहलीचा हिशेब ठेवणाऱ्यांकडे द्यायचं. कोणाच्या पाकिटात किती, हे त्यांना ठाऊक, मलाही नाही. सगळ्यांना तीच खोली, तीच थाळी, तेच भाड्याचे बूट. घरून महागडी जॅकेटं आणायचीच असतील तर आणा, पण जीन्स नको. ओली झाली की वाळत नाही आणि अंग गारठवते. आणि ढगाळ दिवशीसुद्धा गॉगल आणि क्रीम हवंच, बर्फावरून ऊन उलटं खालून लागतं.

2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लालममध्ये तो पंचेचाळिसावा आला. आपल्या पोरांनी त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावला होता. पंचेचाळिसावा म्हणून हसणारा त्यांच्यात एकही नव्हता. त्यांना उतार ठाऊक होता.

जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना भेगा पडल्या, औलीचा रोपवे बंद झाला. त्या वर्षी आपण गेलो नाही. आमच्या एका प्रशिक्षकांचं कुटुंब घर सोडून दुसरीकडे राहत होतं. त्या वर्षीची रद्दी मुलांनी त्यांना पाठवली, कोणी सुचवलं नव्हतं. 2024 मध्ये रस्त्याने वर गेलो. पहिले चार दिवस बर्फच नव्हता. कमी बर्फामुळे तिथल्या राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झालेल्या आहेत, तर आपली काय कथा. मुलं गोरसोंच्या वाटेवर जंगलातून चालली, पत्ते कुटले, कुरकुरली. पाचव्या दिवशी बर्फ पडला. तेव्हा पुढच्या वेळी जाल तर पालकांना हेही आधी सांगा.

‘जाल’ म्हणाले, कारण माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि मी आता नेऊ शकत नाही. गेल्या वर्षी सहल निघाली नाही. खाली खेळणारी सहावी-सातवीतली पोरं मला रोज विचारतात. मला तीन माणसं हवी आहेत. एक उतारावर, एक खोलीवर, कारण रोज एखादं मूल तापाने किंवा डोकेदुखीने झोपलेलं असतंच, आणि एक मोकळं, काही झालं तर गाडीत बसून जोशीमठला उतरायला. तिघांत किमान एक बाई हवी. स्की येत नसली तरी चालेल, मलाही फारशी येत नाही. पण आपल्या मुलाला सगळ्यांदेखत ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत नावं पक्की हवीत. निळी फाइल सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे. फॉर्म, शाळेच्या पत्राचा मसुदा, सामानाची यादी, सगळं त्यात आहे. भरलेले जुने फॉर्म त्यात नाहीत, ते मी फाडून टाकले. काही विचारायचं असेल तर बी-विंग, दुसरा मजला. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.