हर्रास, बोली आणि विश्वास

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला लिलाव नवा नाही. आपण त्याला हर्रास म्हणतो. बल्लारपूर किंवा आलापल्लीच्या आगारात सागवानाच्या थप्प्या लागायच्या, व्यापारी ओंडके पारखून घ्यायचे आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाले की सौदा पक्का व्हायचा. मात्र जो हजर, त्याचीच बोली. चार व्यापाऱ्यांनी आदल्या दिवशी आपसात ठरवून घेतले, तर भाव चढणार कसा?

हे हजेरीचे बंधन इंटरनेटने काढून टाकले. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिड्यार यांनी ई-बे हा ऑनलाइन लिलाव सुरू केला. तिथे पहिल्यांदा विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर! मोडक्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असते, फक्त त्याच्यापर्यंत खबर पोहोचावी लागते. भारतात २००० साली मुंबईत ‘बाझी’ हे असेच संकेतस्थळ निघाले. २००४ मध्ये ई-बेने ते घेतले आणि २०१८ मध्ये ई-बेचा भारतातला बाजार बंद झाला. पद्धत मात्र रुजली. चंद्रपूरच्या खाणींतल्या कोळशाची बोलीसुद्धा संगणकावर लागू लागली.

पण एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्यांनी विश्वास कसा ठेवायचा? ई-बेने साधी युक्ती केली. सौदा झाला की दोघांनी एकमेकांविषयी चार शब्द लिहायचे आणि ते सर्वांना वाचता यायचे. माणसाची पत अशी उघड्यावर आली.

आता आपल्या जंगलाकडे या. वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्ताही स्वतः विकू लागल्या. काल मजुरी घेणारे गाव आज विक्रेते झाले.

तेंदूपत्त्याची गोष्ट मात्र सागवानाहून वेगळी. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. सौदा बहुधा झाडाला पान येण्याआधीच ठरतो. त्यामुळे सर्वांत मोठी बोली हीच सर्वांत चांगली, असे नसते. ठेकेदाराने भाव चढवला आणि पान उचलल्यावर पैसे थकवले, तर मे महिन्याच्या उन्हात पान तोडणाऱ्या बाईच्या हाती काय उरते?

म्हणूनच काही ग्रामसभा एकत्र आल्या. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, निविदा सर्वांसमोर उघडल्या. हाही एक खुला बाजारच, आणि मोबाईलला रेंज नसलेल्या गावालाही जमणारा.

यात अजून एका गोष्टीची भर हवी. कोणत्या ठेकेदाराने पैसे वेळेवर चुकते केले, कोणी रखडवले, याची नोंद प्रत्येक ग्रामसभेने ठेवावी आणि बोली उघडण्याआधी शेजारच्या गावांना ती वाचून दाखवावी. संगणक दूरचे गिऱ्हाईक आणून देईल. त्याच्या मागच्या व्यवहाराची खबर मात्र गावांनीच एकमेकांना द्यायला हवी.