राज्यगीत कोणाच्या पट्टीत?

(सातारा-सांगली भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



'जन गण मन' २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत झाले. ते ठरलेल्या चालीत, ५२ सेकंदांत म्हणायचे, हे आपण शाळेतच शिकलो. महाराष्ट्राला राज्यगीत मिळाले ते २०२३ साली. १९ फेब्रुवारीपासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झाले. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. साबळे वाई तालुक्यातल्या पसरणीचे, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यातले. मूळ गीतात आपल्या कृष्णा-कोयनाही आहेत. गीत घरचे आहे, म्हणूनच त्याबद्दल बोलायला हवे.

गाण्याचा बाज शाहिरी आहे. त्यात मनगटाचे बळ आहे, घोडी आहेत, दिल्लीचे तख्त आहे. नद्यांचे पाणी भरलेल्या मातीच्या घागरीही आहेत. पण घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई दिसत नाही. गीत लागू करताना शासनाने सूचना दिल्या. गीत चालू असताना सर्वांनी उभे राहावे, लहान मुले, आजारी, अपंग, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना सवलत असावी. सवलत योग्यच आहे. पण गाणारी म्हणून बाई कुठे आहे?

आता शाळांमध्ये दिवसाच्या सुरुवातीला राज्यगीत होते. जिथे नुसते ध्वनिमुद्रण लावतात, तिथे एका पुरुषाच्या गळ्याची पट्टी सगळ्यांवर येते. मोठ्या मुलींनी आणि बाईंनी त्यामागे गायचे, तर एक तर आवाज चोरायचा, नाहीतर ताणायचा. शेवटी त्या नुसते ओठ हलवतात. गाणे सर्वांचे म्हणायचे आणि निम्म्यांचा आवाज ऐकूच यायचा नाही, असे होते.

आणखी एक गोष्ट. साबळ्यांच्या पत्नी भानुमती साबळे स्वतः कवयित्री होत्या. त्यांनी लिहिलेली गीते साबळ्यांनी गायली. शाहिराचे नाव गावोगाव माहीत आहे, भानुमतींचे किती जणींना माहीत आहे? प्रतिसरकारचेही तेच. १९४२ नंतर ते उभे राहिले ते आजच्या याच दोन जिल्ह्यांत. नाना पाटलांची लेक हौसाबाई, कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्या लढ्यात होत्या. तरी पराक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मनगटच येते, कारण आपल्याला तेच गायला शिकवले.

शब्द बदलून द्या, अशी माझी मागणी नाही. जुन्या चालीवर नवे शब्द बांधणे आपल्याला नवे नाही. ओवी, फुगडी, भलरी यांच्या चालींवर आपण दारूबंदीची, परित्यक्तांच्या हक्काची गाणी बांधली. ती आपण गातच राहू. पण राज्यगीतही सोडायचे नाही.

म्हणून येत्या १ मेसाठी माझी सूचना अशी. आपापल्या गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत जाऊन सांगा, यंदा ध्वनिमुद्रण नको, गीत आम्ही बायका आणि मुली गाणार. पेटीवाल्याला आधी भेटा. काळी चार, काळी पाच, जी पट्टी गळ्याला मानवेल ती धरा. एखाद्या मुलीला पुढे करा. सुरू करण्यापूर्वी भानुमतीबाईंचे, हौसाबाईंचे, इंदुताईंचे नाव मोठ्याने घ्या. शाळा 'नाही' म्हणाली, तर का म्हणाली ते लिहून आणा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.