आईचा शब्द आणि मुलाचे मन



मुलाच्या मनाविषयी रत्नागिरीत बोलायचे तर पालगडची आठवण निघणारच. दापोली तालुक्यातील त्या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजी जन्मले आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. आपण ती डोळे पुसत वाचतो आणि मिटून ठेवतो. आज आम्ही तिच्याकडे थोड्या चिकित्सक नजरेने पाहणार आहोत.

श्याम पोहायला भितो, लपून बसतो आणि आई त्याला मारीत विहिरीवर पाठवते. या प्रसंगाचा दाखला देऊन 'छडी हवीच' म्हणणारे पालक पुष्कळ भेटतात. पण त्या माराने श्यामचे मन मोडले नाही, ते का? हीच आई न्हालेल्या श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आपले ओचे दगडावर पसरते, आणि पायांइतकेच मनालाही जप, असे त्याला सांगते. आई रागावली तरी ती आपलीच आहे, हा भरवसा श्यामच्या गाठीशी आधीपासून होता. तो नसेल तर छडीने भीती तेवढी उरते. आणि तो असेल तर बहुधा छडीची गरजच पडत नाही.

हे आमचेच म्हणणे आहे असे नव्हे. स्टॅन्ले कूपरस्मिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलग्यांच्या स्वाभिमानाचा अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी आयांच्या मुलाखतीही घेतल्या होत्या. स्वतःविषयी चांगले मत असलेल्या मुलांच्या घरी तीन गोष्टी दिसल्या: मुलाचा मनापासून स्वीकार, स्पष्ट आखलेल्या मर्यादा आणि त्या मर्यादांच्या आत मुलाच्या मताला मान. म्हणजे नुसते लाड नव्हेत आणि नुसता धाकही नव्हे.

घरात याचा अर्थ साधा आहे. मुलीच्या हातून दूध सांडले, तर 'फडके आण, पुसू या' एवढे पुरे. 'तू धांदरटच!' हा शब्द मात्र फडक्याने पुसला जात नाही. लहान मूल तो खरा मानते आणि पुढे तसेच वागू लागते.

पण सगळा भार आईवरच टाकून आपण मोकळे व्हावे काय? कोकणात पिढ्यान् पिढ्या बाप मुंबईला आणि आई गावी, अशी घरे चालली. शेत, सासर आणि पोरे सांभाळणाऱ्या त्या बाईच्या मनाची विचारपूस किती जणांनी केली? ज्या आईचा दिवसभर पाणउतारा होतो, तिने मुलाला स्वाभिमान कुठून द्यावा? त्याच पुस्तकात भाजीत मीठ नसतानाही वडील मुकाट्याने जेवतात. आईला मान कसा द्यावा, हे श्याम त्या पानावर शिकला.

म्हणून सभेतील पुरुषांना आमची विनंती आहे. मुलांदेखत पत्नीशी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, ते आज घरी गेल्यावर ऐकून पाहा. आपल्याबरोबर मुलेही ते ऐकत असतात.