कोतवाल बुकातला ताप



जातीच्या दाखल्यासाठी तहसिलातून कोतवाल बुकाची नक्कल तुमच्यापैकी अनेकांनी काढली असेल. गाव नमुना 14, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. त्यात आपण पणजोबांचं नाव आणि जात पाहतो, बाकीचं सोडून देतो. मी बोलणार आहे मरणाच्या कारणाबद्दल, आणि सुरुवात करतो 1918 च्या साथीपासून.

त्या वर्षी जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, आणि 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत 768 माणसं दगावली. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून जाते. वऱ्हाडचा कापूस ज्या वाटेनं मुंबईला जायचा, त्याच वाटेनं हा आजार वऱ्हाडात आला. त्यात त्या साली पावसानं दगा दिलेला, धान्य महागलेलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त होरपळलेल्या मुलखांपैकी एक ठरला. म्हाताऱ्यांपेक्षा 20 ते 40 वयाची कर्ती माणसं जास्त गेली. त्यातही बाया अधिक. सगळ्यांची शुश्रूषा करायची आणि शेवटी उरलंसुरलं खायचं, हा आपल्या घरांचा शिरस्ता. तो किती जणींच्या जिवावर बेतला असेल!

ही मरणं मोजली कुणी? गावच्या कोतवालानं सांगितलं, ते लिहिलं गेलं. देवी, पटकी त्याला ओळखू येई. डॉक्टर नाही, तपासणी नाही. मग उरलेलं बहुतेक सारं ‘ताप’ या सदरात पडे. म्हणून सरकारचा पहिला अंदाज देशभरात फक्त साठेक लाख मृत्यूंचा होता. 1921 च्या खानेसुमारीत लोकसंख्याच घटलेली दिसली, तेव्हा आकडा 1 कोटी 20 लाखांच्या पुढे सरकला. पुढच्या काही अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींवर नेला. जगभरात 5 कोटी गेले असं धरलं, तर त्यातला दर तिसरा माणूस आपला. तरी साथीला नाव पडलं स्पेनचं! कारण महायुद्धात तो देश तटस्थ होता आणि तिथली वर्तमानपत्रं आजाराबद्दल मोकळेपणानं छापत होती. ज्यांचं लिहिलं गेलं, त्यांचीच साथ जगाच्या लक्षात राहिली.

तेव्हापासून काही रोग हटले: देवीचं 1980 साली जगातून उच्चाटन झालं, पोलिओतून आपला देश 2014 साली मुक्त ठरला. क्षय मात्र ठाण मांडून आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. त्यावर सरकारी उपचार मोफत मिळतात, पोषणासाठी दरमहा 1000 रुपयांच्या हिशेबानं पैसे खात्यात जमा होतात. तरीही, कोतवाल बुकात जसा सगळ्याचा ‘ताप’ होई, तसा लग्नं मोडतील म्हणून घरोघर तो ‘छातीचा त्रास’ होऊन बसतो. ही लपवाछपवी मला रोगाइतकीच घातक वाटते.

तेव्हा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. घरात मृत्यू झाला, तर 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला मागून घ्या.