ताटात काय काय वाढलंय, पाहतंय कोण?

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कॅन्सरचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या एका आजारावर खिळतं. ऑपरेशन कधी, किमोच्या सायकल किती, खर्च कसा भागवायचा. या धावपळीत एक वस्तू खुंटीला तशीच लटकत राहते. ती म्हणजे आजोबांची किंवा आजींची गोळ्यांची पिशवी. बीपीची एक, शुगरच्या दोन, थायरॉइडची एक, गुडघ्यांसाठी एक, झोपेसाठी अर्धी, ॲसिडिटीची सकाळी उपाशीपोटी. कॅन्सरच्या फायलीत यांतल्या निम्म्या गोळ्यांची नावंही नसतात. आजच्या बोलण्याचा सगळा रोख आहे तो या पिशवीवर.

ही पिशवी एकदा चटईवर उलटी करून पाहावी. पट्टीतून कापून दिलेले चार-चार गोळ्यांचे तुकडे निघतात. नाव आणि मुदत छापलेला भाग मेडिकलवाल्याकडेच राहिलेला असतो. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या निघतात आणि मागची बारीक अक्षरं वाचली, तर दोन्हींत पँटोप्राझोलच. एक गावच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी हॉस्पिटलातून घरी सोडताना लिहिलेली. सर्दीच्या उरलेल्या गोळ्या, शेजारणीनं दिलेली अंगदुखीची पट्टी, मुलानं पुण्याहून पाठवलेली कॅल्शियमची बाटली. म्हाताऱ्या माणसाला गोळ्यांची नावं पाठ नसतात, रंग पाठ असतात. पांढरी बारकी बीपीची, गुलाबी शुगरची. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग बदलतो, आणि मग जुनीही पोटात जाते, नवीही.

लग्नातली पंगत आठवावी. प्रत्येक वाढप्याच्या हातात एकच भांडं. जिलेबीवाला जिलेबी वाढतो, मसालेभातवाला भात, मठ्ठेवाला मठ्ठा. जो तो आपल्या कामात चोख, आणि आग्रहही मनापासूनचा. पण ताटात एकंदर किती झालं, हे बघणं कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. औषधांचं नेमकं असंच होतं. हृदयाचे डॉक्टर आपलं वाढून जातात, मधुमेहाचे आपलं, हाडांचे आपलं. शेवटी कॅन्सरचे डॉक्टर येतात आणि त्यांच्या हातातलं भांडं सगळ्यांत जड असतं. ताट मात्र एकच. यकृत एक, मूत्रपिंडं तीच दोन, आणि तीही सत्तर-पंचाहत्तर वर्षं राबलेली. रोजची पाच किंवा त्याहून जास्त औषधं झाली की वैद्यकशास्त्र सावध व्हायला सांगतं. कॅन्सरच्या वयस्क रुग्णानं पाचाचा आकडा अनेकदा किमोच्या आधीच गाठलेला असतो.

यानं एवढं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. 1993 साली जपानमध्ये काय झालं ते पाहावं. नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध बाजारात आलं. नागीण हा बहुतेक उतारवयाचा आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा त्रास, त्यामुळे ते औषध घेणाऱ्यांत कॅन्सरचे रुग्णही होते. त्यांना फ्लुरोयुरॅसिल या जातीच्या किमोच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या. काही आठवड्यांत किमान पंधरा माणसं दगावली. शरीरात किमोचं हे औषध मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. सोरिव्हुडिनपासून आतड्यात जो पदार्थ तयार होतो, तो हे एन्झाइम बंद पाडतो. मग नेहमीच्याच मात्रेचं विष झालं. नागिणीवर औषध देणाऱ्यानं नागीण पाहिली, कॅन्सरवाल्यानं कॅन्सर पाहिला. ते औषध बाजारातून गेलं, पण फ्लुरोयुरॅसिल आजही आहे. आपल्याकडे आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी सर्रास दिली जाणारी कॅपेसिटाबिनची गोळी शरीरात जाऊन तेच औषध बनते. हीच कॅपेसिटाबिन आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम एका ताटात आली, तर रक्त नको इतकं पातळ होऊन जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी एरवीपेक्षा लवकर लवकर करावी लागते. पण ॲसिट्रॉम चालू आहे हे कॅन्सरच्या ओपीडीत कुणी सांगितलंच नसेल, तर तपासणार कोण?

सगळ्याच टकरी इतक्या भयंकर नसतात. काही अगदी गुपचूप होतात, म्हणून जास्त लबाड. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना गेफिटिनिब ही गोळी मिळते. ती शोषली जायला पोटात आम्ल लागतं. आणि पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी करते काय, तर तेच आम्ल कमी करते. महागडी गोळी वेळच्या वेळी पोटात जाते, पण पुरती अंगी लागत नाही. स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनचंही असंच. ती यकृतात बदलल्यावर खरी कामाची होते, आणि नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन हा बदलच अडवते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अशा बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 2010 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही औषधं जितका जास्त काळ एकत्र चालली, तितका स्तनाच्या कॅन्सरनं मृत्यू येण्याचा धोका वाढलेला दिसला. नैराश्यावर दुसरी औषधं आहेत, ती देता येतात. पण त्यासाठी ताट पाहिलं पाहिजे. पुन्हा तेच.

आणखी एक गोष्ट घरोघरी घडते. बीपीसाठी अम्लोडिपिन चालू असते. तिनं काही जणांच्या पावलांना सूज येते. सूज पाहून कुणीतरी लघवी जास्त होण्याची गोळी देतं. त्या गोळीनं अंगातलं मीठ-पाणी जातं, थकवा येतो, चक्कर येते. चक्करेसाठी आणखी एक. एका गोळीचा त्रास म्हणजे नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी, अशी ही साखळी. अशा माणसाला किमो सुरू झाली, उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी आणखी कमी झालं, की मूत्रपिंडं कोलमडतात. दोष किमोच्या माथी जातो. मुळात पहिल्या गोळीकडे कुणी बोट दाखवलेलंच नसतं.

मूत्रपिंडांचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब थोडा सावकाश ऐकावा. मूत्रपिंडांच्या तपासणीतल्या ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ या वाक्यावर फार विसंबलं जातं. समजा एक आजी आहेत, वय 78, वजन 45 किलो. लॅबच्या कागदावर क्रिएटिनिन 1.0, म्हणजे ठीकच. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि आजींच्या अंगावर स्नायू राहिलेत कितीसे? वय आणि वजन धरणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे 1976 पासून वापरात असलेलं सूत्र लावलं, तर त्यांची मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे 33 मिलिलिटर रक्त साफ करतात असं उत्तर येतं. चाळिशीच्या, 60 किलो वजनाच्या त्यांच्या सुनेचंही क्रिएटिनिन तेवढंच असेल, तर तिचं उत्तर येतं 71 च्या आसपास. कागदावर आकडा एकच आणि ताकद निम्म्याहून कमी. कॅपेसिटाबिनची मात्रा हे उत्तर 30 ते 50 च्या मध्ये असलं की घटवावी लागते. शुगरच्या मेटफॉर्मिनचाही फेरविचार करावा लागतो, आणि गुडघ्यांसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या तर टाळायलाच हव्यात.

पंगतीत पोट भरलेला माणूस ताटावर आडवा हात धरतो. आजारी म्हातारा माणूस हात धरत नाही. डॉक्टरांनी दिलंय ना, मग घ्यायचं. जेवण अर्ध्यावर आलेलं असतं, वजन उतरलेलं असतं, तरी शुगरची ग्लिमेपिराइड पूर्वीइतकीच चालू राहते आणि पहाटे घामाघूम होऊन शुद्ध हरपते. उलट किमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, की तेवढे दिवस शुगर उसळते. बीपीची मात्राही पूर्वीच्या वजनाला बेतलेली असते. रात्री लघवीला उठताना तोल जातो. त्यात झोपेची अल्प्राझोलाम असेल तर आणखी. आणि किमोनं प्लेटलेट कमी झालेल्या असताना डोक्यावर पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

दोष द्यायचाच तर थोडा सगळ्यांनीच वाटून घ्यावा. नातेवाईक फाइल नेतात, स्कॅनच्या सीडी नेतात, गोळ्या मात्र ‘बीपी-शुगरच्या नेहमीच्याच’ एवढंच सांगतात. ओपीडीत बाहेर रांग असते, तेव्हा आतही कुणी खोदून विचारत नाही. असं चालणार नाही. फोनवरचा यादीचा फोटो पुरत नाही, कारण यादीत सर्दीची गोळी नसते, शेजारणीची नसते, काढा तर नसतोच. आख्खी पिशवी न्यावी. प्रत्येक वेळी न्यावी. आणि एकेका पट्टीवर बोट ठेवून दोनच प्रश्न विचारावेत: ही कशासाठी, आणि ही अजून लागते का?

असं विचारल्यानं फरक पडतो, हे मोजूनही झालं आहे. अमेरिकेत रोचेस्टरच्या डॉ. सुप्रिया मोहिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीपुढचे, कॅन्सर बराच पसरलेले 718 रुग्ण घेतले. त्यांतल्या काहींच्या डॉक्टरांना रुग्णाचं चालणं, पडणं, स्मरण, खाणं आणि औषधं यांची पद्धतशीर तपासणी आणि तीवरच्या सूचना हातात दिल्या; बाकीच्यांचे उपचार नेहमीसारखे चालू ठेवले. 2021 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. उपचारांचे गंभीर दुष्परिणाम नेहमीच्या पद्धतीत 71 टक्के रुग्णांना झाले, तपासणीच्या गटात 51 टक्क्यांना. पडण्याचं प्रमाण 21 टक्क्यांऐवजी 12 टक्के राहिलं. या गटात जास्त औषधं बंदही झाली. आणि म्हणून आयुष्य घटलं असंही दिसलं नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलात वयस्क रुग्णांसाठी 2018 पासून असं वेगळं क्लिनिक चालतं. पण गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या प्रत्येक आजींना परळ गाठता येणार नाही. मग पंगतीत सगळी ताटं बघत फिरणारा यजमान कुठून आणायचा? गावातले जुने फॅमिली डॉक्टर हे काम करू शकतात. हॉस्पिटलातला फार्मासिस्ट करू शकतो. त्याला विचारायची आपल्याला सवयच नाही. नाहीतर घरातलीच एक व्यक्ती, पण एकच. आज मुलगा, उद्या जावई असं नको.

आता एक गोष्ट नीट ऐकावी, कारण इथेच गैरसमज होतो. कमी गोळ्या म्हणजे चांगलं, असा याचा अर्थ नाही. हे भाषण ऐकून कुणीही आपल्या मनानं काहीही बंद करू नये. स्टेंट बसवल्यानंतरची क्लोपिडोग्रेल, फिटची गोळी, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड, मेटोप्रोलोलसारखी बीपीची औषधं अचानक सोडली तर जीवावर बेतू शकतं. कधीकधी ताटात कमीच वाढलेलं असतं. दुखण्यासाठी मॉर्फिन लिहिलं आणि पोट साफ होण्याचं औषध लिहायचं राहिलं, की आजोबा बद्धकोष्ठानं हैराण होतात आणि मॉर्फिनच टाकून देतात. तिथे एक औषध वाढायलाच हवं.

काही औषधं मात्र खरोखर उठवता येतात. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन पुढच्या काही वर्षांतला झटका टाळण्यासाठी असते. अमेरिकेतच आयुष्य वर्षभराच्या आतलं उरलेल्या 381 रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यांतले जवळजवळ निम्मे कॅन्सरचे होते. काहींची स्टॅटिन थांबवली, काहींची चालू ठेवली. 2015 साली त्याचा निकाल आला. पुढच्या 60 दिवसांतल्या मृत्यूंमध्ये ठळक फरक नव्हता, आणि थांबवलेल्यांना उलट थोडं बरं वाटत होतं. अशी गोळी डॉक्टरांनी उठवली तर ‘आता बाबांना सोडून दिलं’ असं घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

काढे, गुळवेल, अश्वगंधा यांवर बरंच बोलायचं होतं. मुंबईत कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. त्यावर वादही झाला, पण वेळ थोडा उरला आहे. एवढंच, की काढ्याची बाटलीही त्याच पिशवीत घालावी, लपवू नये.

शेवटचं, आणि हे घरातल्या सगळ्यांसाठी. कॅन्सरची प्रत्येक गोळी रोजची नसते. कॅपेसिटाबिन सहसा चौदा दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायची असते. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच. तीच रोज घेतली गेल्यानं जगभर माणसं मेली आहेत. भिंतीवरच्या कालनिर्णयावर घ्यायचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळ्या रंगानं खूण करून ठेवावेत. सुट्टीच्या आठवड्यात ते पाकीट रोजच्या डब्यातून काढून सूनबाईंच्या किंवा मुलाच्या कपाटात कुलपाआड ठेवावं. आणि पुढच्या सायकलची तारीख डॉक्टरांकडून पिशवीसकट पक्की करून आल्यावरच ते बाहेर काढावं.